रूट कॅनल आत्ताच राहता तिथे करा, इम्प्लांट सुट्टीच्या मापाने बसवू नका

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: तीन वर्षांपासून नोकरीसाठी परदेशात आहात, खालच्या डाव्या बाजूची पहिली दाढ दुखतेय, तिथल्या डेंटिस्टने रूट कॅनल आणि कॅप सांगितलीय, वरची एक दाढ दोन वर्षांपूर्वी काढली होती त्या जागी इम्प्लांट (हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर नवा दात) सुचवलाय, आणि जुनी चांदी (पारा मिसळलेलं धातूचं भरण) भरलेले दोन दात आहेत तेही बदलून घ्या म्हणालेत. एकूण आकडा ऐकून तुम्ही थांबलात, आणि आता विचारताय की चार महिन्यांनी तीन आठवड्यांची सुट्टी आहे तेव्हा मायदेशी जाऊन सगळं एकदमच उरकू का, आणि स्वस्तात केलेलं काम टिकेल का.

मी गेली २२ वर्षं कॅप, ब्रिज, इम्प्लांट हेच काम करतेय. बाहेर राहणारे पेशंट माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येतात, सुट्टीत करून घ्यायला येणारे आणि दुसरीकडे सुट्टीत केलेलं बिघडलं म्हणून येणारे. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय: दाताचं काम महाग की स्वस्त हे बिलावरून ठरत नाही, ते पाच वर्षांनी त्या दाताकडे कोण बघणार आहे यावरून ठरतं. म्हणून तुमची तिन्ही कामं एका गाठोड्यात बांधू नका, तिघांचा हिशोब वेगवेगळा आहे.

आधी दुखणारी दाढ. ती चार महिने थांबणार नाही.

दुखतंय म्हणजे नक्की कसं दुखतंय हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि हीच गोष्ट परक्या भाषेत डेंटिस्टला सांगताना सगळ्यांची अडचण होते. आपल्याकडे शिवशिवणं, ठणकणं, कळ येणं, दात आंबणं असे सगळे वेगळे शब्द आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा निघतो, पण तिकडे खुर्चीत बसल्यावर माणूस फक्त 'दुखतंय' एवढंच म्हणतो आणि अर्धी माहिती तिथेच गळते. गार लागलं की क्षणभर शिवशिवतं आणि लगेच थांबतं, तर नस बहुतेक अजून वाचण्यासारखी असते, कधीकधी नुसतं नीट सिमेंट भरून भागतं. गरम लागल्यावर ठणका सुरू होऊन पाच-दहा मिनिटं राहतो, रात्री आडवं झालं की वाढतो, झोपेतून उठवतो, तर नस गेल्यात जमा, तिथे रूट कॅनल किंवा दात काढणं एवढेच दोन मार्ग. चावताना नाही पण चावा सोडताना बारीक कळ येते, तर दाताला तडा आहे का ते बघायला लागतं. आणि दात जरा उंच झाल्यासारखा वाटतो, जीभ लावली तरी समजतो, तर इन्फेक्शन मुळाच्या टोकाबाहेर आलेलं असतं. ही चार वाक्यं तिथल्या भाषेत लिहून घेऊन जा, खरंच जा, यावरून डेंटिस्टला बरंचसं निदान होतं.

अजून एक, ठणका कधीकधी आपोआप थांबतो आणि लोकांना वाटतं बरं झालं. बरं झालेलं नसतं, नस मेलेली असते, म्हणून दुखणं थांबतं, आणि मग आतल्या आत दोन-तीन महिन्यांत मुळाशी पू साठायला लागतो. माझ्याकडे असे कितीतरी जण आलेत की 'दुखत होतं पण थांबलं, म्हणून सुट्टीची वाट बघितली', आणि येईपर्यंत किड इतकी खाली गेलेली की कॅपला धरायला दातच उरलेला नाही. जे काम रूट कॅनल आणि कॅपमध्ये झालं असतं ते दात काढून इम्प्लांटवर गेलं, म्हणजे वाचवायला निघाले आणि खर्च दुप्पट करून बसले.

ॲंटिबायोटिकवर चार महिने काढायचा विचार तर अजिबात नको. आतली नस सुजली आहे तिथे गोळीचा उपयोग होत नाही, मेलेल्या नसेत रक्तच जात नाही तर औषध पोचणार कसं. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या त्यातही हेच आहे की दातदुखीच्या बहुतेक केसेसमध्ये ॲंटिबायोटिक देऊ नये, दाताचं काम करावं. ताप, चेहऱ्यावर पसरणारी सूज, तोंड उघडायला त्रास असं काही असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरकडे. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर डेंटिस्टची अपॉइंटमेंट बघत बसू नका, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जा.

आणि विमानाचाही मुद्दा आहे, तो लोकांच्या लक्षातच येत नाही. केबिनमधला हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा असतो, त्यामुळे सुजलेल्या नसेचा किंवा अर्धवट भरलेल्या दाताचा ठणका हवेत गेल्यावर भयंकर वाढू शकतो. बारा-चौदा तासांच्या प्रवासात ते सहन करणं म्हणजे शिक्षाच.

आता खर्चाबद्दल. एकच कॅप दोन देशांत इतक्या वेगळ्या किमतीला का मिळते हे समजलं की निम्मी भीती जाते. कॅप ज्यातून कोरतात तो झिरकोनियाचा (पांढऱ्या कडक सिरॅमिकचा) ठोकळा, सिमेंट, टायटॅनियमचा इम्प्लांट यांची किंमत बिलात फार मोठी नसते. बिल बनतं ते खुर्चीवरच्या वेळेचं, जागेच्या भाड्याचं, असिस्टंट आणि रिसेप्शनच्या पगाराचं, डॉक्टरच्या शिक्षणाच्या कर्जाचं, लॅबमधल्या टेक्निशियनच्या मजुरीचं आणि डॉक्टरवर दावा झाला तर लागणाऱ्या विम्याचं. हे सगळं देशागणिक बदलतं, म्हणून स्वस्त देशात काम हलकंच होतं असं नाही आणि महाग देशात चांगलंच होतं असंही नाही. मेक्सिकोतलं लॉस अल्गोडोनेस गाव अमेरिकेच्या सीमेला लागून आहे, गावभर दातांचे दवाखाने आहेत, पलीकडून रोज माणसं येतात, हंगेरीत ऑस्ट्रियाच्या सीमेजवळच्या गावांतही हेच चालतं, आणि तिथे उत्तम काम करणारे डॉक्टर नक्कीच आहेत. फरक असा की सीमेपलीकडे राहणारा माणूस गाडी काढून परत जाऊ शकतो, तुम्ही वर्षातून एकदा तीन आठवडे जाणार आहात.

मग चांगलं काम ओळखायचं कसं, कारण पेशंटला स्वतःच्या तोंडातलं दिसत नाही. रूट कॅनलपुरतं सांगायचं तर मी पहिला प्रश्न विचारायला सांगते, रबर डॅम लावता का. तो पातळ रबरी पडदा असतो, त्यातून फक्त तुमची ती एक दाढ वर येते, बाकी तोंड झाकलेलं. त्यामुळे लाळेतले जंतू कॅनलमध्ये, म्हणजे मुळातल्या बारीक नळीत, जात नाहीत, ती साफ करायची बारीक सुईसारखी फाइल घशात पडत नाही, आणि आत धुवायला जे सोडियम हायपोक्लोराइट वापरतात ते तोंडात सांडत नाही. रबर डॅमला जो डॉक्टर 'त्याची गरज नसते' म्हणतो तिथे मी माझ्या घरच्या माणसाला पाठवणार नाही, मग क्लिनिक कितीही चकाचक असो. खालच्या पहिल्या दाढेत बहुतेक वेळा तीन कॅनल असतात, कधी चार, म्हणून 'किती कॅनल मिळाले' हेही विचारा. काम संपल्यावर एक्सरे काढलाच पाहिजे, त्यात भरलेली पांढरी रेघ मुळाच्या टोकापर्यंत किंवा टोकाच्या आत दोन मिलिमीटरपर्यंत आलेली दिसली पाहिजे, अर्ध्यात थांबलेली नको आणि टोकाबाहेर गेलेली नको. हे एवढं तुम्हालाही एक्सरेवर दिसतं, डॉक्टरना म्हणा स्क्रीनवर दाखवा, चांगला डॉक्टर आनंदाने दाखवतो. अवजारांची पाकिटं तुमच्यासमोर फोडतात का तेही बघा, ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) गेलेल्या पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला असतो.

तुमची दाढ अवघड असेल, मुळं वाकडी असतील, तर रूट कॅनल करणाऱ्या स्पेशालिस्टकडे जायला मागेपुढे बघू नका, तो जास्त घेतो पण मायक्रोस्कोपखाली काम करतो. पैसे वाचवायचे असतील तर ते कॅपमध्ये वाचतात, रूट कॅनलमध्ये नाही. डेंटल कॉलेज जवळ असेल तर तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च बराच कमी येतो, वेळ मात्र जास्त जातो, चार-पाच खेपा धरून चाला, आणि ज्यांना घाई नाही त्यांना मी हे मनापासून सुचवते.

रूट कॅनल झाल्यावर कॅप सुट्टीत बसवली तर चालेल का? याला माझं उत्तर हो, पण अटीवर. रूट कॅनलनंतर वर जे तात्पुरतं सिमेंट असतं ते काही आठवड्यांत झिजतं, कडेने लाळ आत जाते आणि सगळं काम परत दूषित होतं. म्हणून तिथल्या डेंटिस्टला सांगा, पक्कं कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं कायमचं भरण) भरून द्या आणि दाढेचे उंचवटे जरा कमी करून ठेवा, म्हणजे चावताना ती दुभंगणार नाही. मग चार महिने सांभाळून, त्या बाजूने कडक चावायचं नाही एवढं पाळून, कॅप सुट्टीत करता येते. पहिल्या आठवड्यातच अपॉइंटमेंट घ्या. दात घासून माप घेणं, लॅबमध्ये कॅप बनणं, बसवून बघणं आणि मग चिकटवणं यात सात ते दहा दिवस जातात, आणि चिकटवल्यावर चार-पाच दिवस त्याच गावात राहायला हवं कारण चावा उंच असेल तर तो वापरल्यावरच कळतो.

हे उंच चाव्याचं प्रकरण लोक फार हलक्यात घेतात. निळा किंवा लाल कागद दातांत धरून डॉक्टर 'चावा' म्हणतात ना, तो कागद केसाइतका किंवा त्याहूनही पातळ असतो आणि तेवढा फरकसुद्धा दाढेला जाणवतो. बधिर असताना तुम्हाला काही कळत नाही, 'ठीक आहे' म्हणून तुम्ही निघता, भूल उतरते, दुसऱ्या दिवशी दाढ आधी लागायला लागते आणि आठवड्यात दुखायला लागते. दोन मिनिटांचं काम असतं घासून देणं. पण तुम्ही कॅप बसवून त्याच रात्री विमानात बसलात तर परत गेल्यावर नवीन डॉक्टर दुसऱ्याच्या कॅपला हात लावायला कां-कूं करतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

इम्प्लांटला मी वेगळं ठेवते, कारण तिथे घाई शरीरालाच मान्य नाही. स्वीडनमध्ये संशोधक ब्रॉनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, तेव्हापासून मूळ गोष्ट बदललेली नाही: हाड टायटॅनियमला धरायला वेळ घेतं. पूर्वी खाली तीन महिने आणि वर सहा महिने थांबायचे, आता पृष्ठभाग सुधारल्यामुळे चांगल्या हाडात दोन-तीन महिन्यांतही दात बसवतात, पण तीन आठवड्यांत नाही. तुमची तर वरची दाढ आहे आणि काढून दोन वर्षं झालीत. दात काढल्यावर पहिल्या वर्षातच हाडाची रुंदी जवळपास निम्मी होऊ शकते आणि वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते, तीही खाली सरकते. त्यामुळे सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्सरे) काढल्याशिवाय कोणी 'बसवून टाकू' म्हणत असेल तर तिथून उठा. उंची कमी निघाली तर आधी सायनस लिफ्ट करून हाड घालावं लागतं, त्यानंतर काही महिने थांबायचं, आणि ऑपरेशननंतर काही दिवस नाक जोरात शिंकरणं आणि विमानप्रवास दोन्ही टाळायला सांगतात.

म्हणजे सुट्टीत इम्प्लांट करायचाच असेल तर दोन सुट्ट्या लागतात, एकीत स्क्रू आणि दुसरीत दात, आणि मधल्या काळात टाका सुटला, सूज आली तर बघायला तिथे कोणीतरी लागतं. दोन खेपांचं विमानभाडं, बिनपगारी रजा, हे धरून आकडा लिहा. बऱ्याचदा फरक वाटला होता तेवढा उरत नाही. एकच इम्प्लांट असेल तर राहता तिथेच करा असं माझं स्पष्ट मत आहे, आणि घाईही नाही, रिकामी जागा आणखी आठ-दहा महिने राहिली तर आभाळ कोसळत नाही, फक्त समोरची खालची दाढ वर सरकत नाही ना एवढं दर तपासणीला बघून घ्या. सहा-आठ इम्प्लांटचं मोठं काम असतं तर हिशोब बदलला असता.

एक केस सांगते. एक बाई आल्या, इम्प्लांट दुसऱ्या देशात केलेला, काम खरंतर सुंदर झालेलं, पण चार वर्षांनी दात हलायला लागला. आतला स्क्रू सैल झाला होता, एवढंच. योग्य स्क्रूड्रायव्हर असेल तर पंधरा मिनिटांचं काम. पण कंपनी कोणती, व्यास किती, काहीच कागद नाही, आणि प्रत्येक कंपनीच्या स्क्रूचं डोकं वेगळं, कुणाचं षटकोनी, कुणाचं चांदणीसारखं. मी एक्सरे काढून आकारावरून अंदाज बांधला, दोन कंपन्यांचे ड्रायव्हर मागवले, त्या तीन आठवडे एका बाजूने जेवल्या, शेवटी जमलं. त्या क्लिनिकने इम्प्लांटच्या डबीवरचा तो छोटा स्टिकर एका कार्डावर चिकटवून दिला असता तर हे काहीच झालं नसतं. तर इम्प्लांट कुठेही करा, हे कार्ड घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका: कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, लॉट नंबर. फोटो काढून मेलवर ठेवा.

कागदांवरून आठवलं, दातांचे नंबर. जगात बहुतेक ठिकाणी दोन आकड्यांची पद्धत आहे, तुमची ती खालची डावी पहिली दाढ म्हणजे ३६. अमेरिकेत १ ते ३२ असे सरळ नंबर, तिथे तीच दाढ १९. आणि गंमत नाही, घोटाळा इथे होतो की १४ हा नंबर दोन्हीकडे आहे, एका पद्धतीत वरची उजवी छोटी दाढ आणि दुसरीत वरची डावी मोठी दाढ. रिपोर्ट एका देशातून दुसरीकडे नेताना नंबरासोबत 'खालची डावी पहिली दाढ' असं शब्दांत लिहून घ्या. स्कॅन मागताना नुसता प्रिंट नको, मूळ डायकॉम फाइल (स्कॅनची कॉम्प्युटरवर उघडणारी मूळ प्रत) घ्या, दुसऱ्या डॉक्टरला त्यातच नीट बघता येतं.

सुट्टीत एकदम सगळं करून देणाऱ्या पॅकेजबद्दल मला काळजी वाटते ती पांढऱ्याशुभ्र हास्यासाठी वीस-वीस दात घासून कॅप घालायच्या कामाची. पंचविशीतल्या मुलांचे धडधाकट दात खुंटासारखे घासलेले मी बघितलेत. घासलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, परत येत नाही, काही दातांची नस पुढे मरते, आणि कॅप आयुष्यभर टिकत नाहीत, त्यामुळे पुढे दर दहा-पंधरा वर्षांनी सगळं परत करायचं. 'आजीवन गॅरंटी' म्हणतात ती वाचून बघा, बहुतेक वेळा त्याच क्लिनिकमध्ये स्वखर्चाने जायचं आणि दरवर्षी तिथेच तपासणी केलेली असायला हवी अशी अट असते.

इन्शुरन्सचं. कंपनीने दिलेल्या हेल्थ पॉलिसीत दात बहुतेक वेळा वेगळे घ्यावे लागतात, किंवा फक्त अपघात आणि वेदनाशमनापुरते असतात. तुम्ही चार गोष्टी शोधा: वर्षाची मर्यादा किती, मोठ्या कामाला वेटिंग पिरियड किती (कॅप आणि इम्प्लांटला वर्षभरही असतो), पॉलिसी घ्यायच्या आधीच गेलेला दात धरतात का, आणि तुमच्या राहत्या देशाबाहेर ठरवून केलेल्या कामाचे पैसे देतात का. तिसरा प्रश्न तुमच्यासाठी महत्त्वाचा, वरची दाढ पॉलिसीआधी गेली असेल तर इम्प्लांट बहुधा नाकारतील. मर्यादा वर्षाची असेल तर रूट कॅनल वर्ष संपायच्या आधी आणि कॅप नवीन वर्ष लागल्यावर असं विभागता येतं, हे पूर्ण नियमात बसतं. काम सुरू करायच्या आधी खर्चाचा अंदाज कंपनीला पाठवून लेखी मंजुरी मागा. युरोपियन युनियनमध्ये राहून तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात असाल तर युनियनमधल्याच दुसऱ्या देशात केलेल्या कामाचे पैसे २०११ च्या निर्देशानुसार मागता येतात, पण तुमच्या देशात त्या कामाला जेवढे मिळाले असते तेवढेच, आणि तिथे ते मिळतच नसतील तर काहीच नाही.

राहिले ते चांदी भरलेले दोन दात. युरोपियन युनियनने १ जानेवारी २०२५ पासून नवीन चांदी भरणं जवळपास बंद केलं, ते मुख्यतः पाऱ्याचं प्रदूषण थांबवावं म्हणून. तोंडात आधीच असलेली चांदी काढा असं त्यात कुठेही नाही. कड तुटली असेल, खाली किड दिसत असेल, दाताला तडा असेल तरच बदला. शाबूत चांदी उकरताना दाताचा चांगला भागही जातो आणि पाऱ्याची वाफही त्याच वेळी जास्त निघते. तुमच्या डेंटिस्टला विचारा की नेमकं काय बिघडलंय ते एक्सरेवर किंवा फोटोत दाखवा. दाखवलं तर करा. 'काळी दिसते म्हणून' असं उत्तर आलं तर ते दोन्ही दात यादीतून खोडा आणि तेवढे पैसे रूट कॅनलच्या स्पेशालिस्टकडे लावा, या आठवड्यातली अपॉइंटमेंट घेऊन.